बाबांना आधी त्या सहीपासून थांबवा

हे पत्र यवतमाळ जिल्ह्यातून आलं आहे. लिहिणारा सव्विशीतला शेतकरी तरुण आहे. ओळख पटेल असा सगळा तपशील काढून टाकला आहे. उरलेलं पत्र त्याच्याच शब्दांत, थोडं आवरून देते.

“ताई, माझ्या बहिणीच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती. तिचा सासरा दोन वेळा झेडपी मेंबर होता. आता बाजार समितीत संचालक आहे. आमच्या गटाच्या सोसायटीचा अध्यक्ष त्याचाच पुतण्या. लग्नात ठरलेल्यातले दोन लाख आमच्याकडून राहिले होते. निवडणूक जवळ आली तशी ‘राहिलेले द्या’ची मागणी सुरू झाली, अन् दोनाचे चार झाले. बहीण आईला व्हॉट्सॲपवर आवाज पाठवून रडायची. दिवाळीत आली तेव्हा दंडावर वळ होते. बाबा म्हणाले, पऱ्हाटी (कापूस) निघू दे, मग देऊ.

महिन्याभरापूर्वी सकाळीच फोन आला की चक्कर येऊन विहिरीत पडली. घरात नळ आहे, बोअर आहे, मग पहाटे पाचला ती वावरातल्या विहिरीवर काऊन जाईन? आम्ही पोचलो तोवर तिला ग्रामीण रुग्णालयात नेलं होतं. तिथं व्हरांड्यात बाबांची एका कागदावर सही घेतली, ‘माझी कोणावर तक्रार नाही’ म्हणून. संध्याकाळी त्यांच्याच गावात अग्नी दिला. ठाणेदार म्हणतात मर्ग (अकस्मात मृत्यूची नोंद) दाखल आहे, व्हिसेराचा (शवविच्छेदनात राखून ठेवलेल्या अवयवांच्या तपासणीचा) रिपोर्ट येऊ द्या.

तेरवीनंतर समाजाची बैठक झाली. पोरगी गेली ते गेली, आता लेकराचं पाहा म्हणतात. दीड वर्षाचा भाचा त्यांच्याकडेच आहे. त्याच्या नावानं तीन एकर करून देतो, तुम्ही काही बोलणार नाही असं स्टॅम्पवर लिहून द्या. नाही तर लेकराचं तोंड दिसणार नाही, अन् हुंडा दिला असं बोलाल तर तुम्हीच आत जाल. धाकट्या बहिणीचं साक्षगंध (साखरपुडा) ठरायचं आहे. बाबा सही करायला तयार झाले. विरोधी गटाचे लोक रोज ओट्यावर येऊन बसतात, मोर्चा काढू म्हणतात. त्या घरची थोरली सून दोन वर्षांआधीच माहेरी निघून गेली, तिच्याशी बोलावं का? का करावं, काही सुचून नाही राह्यलं.”

भाऊ, बाबांना आधी त्या सहीपासून थांबवा. रागावून नाही, जवळ बसून. लेक गेलेल्या माणसाला ‘तुम्ही घाबरट आहात’ असं ऐकवलं की तो हट्टानं सही करतो.

त्यांना एवढंच समजावून सांगा. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत बाईचा असा संशयास्पद मृत्यू झाला आणि त्याच्या आधी हुंड्यासाठी छळ झालेला असला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ८० नुसार तो हुंडाबळी. कमीत कमी सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. कोणी तिला मारून विहिरीत टाकलं असं निघालं तर कलम १०३, म्हणजे खून. हे दोन्ही गुन्हे आपसात मिटवण्यासारखे नाहीत. बैठक मिटवू शकत नाही, तंटामुक्त समिती मिटवू शकत नाही, आणि तुमच्या बाबांनाही ते मिटवण्याचा अधिकार नाही. मग ज्या कागदानं केस मिटतच नाही तो कागद त्यांना एवढा कशाला हवा? साक्षीसाठी. उद्या बाबा पिंजऱ्यात उभे राहिले की समोरचा वकील तोच स्टॅम्प पेपर दाखवून विचारेल, “तीन एकर मिळणार होते तेव्हा तुमची तक्रार नव्हती ना?” त्या एका प्रश्नानं बाबांची साक्ष पडते. आणि बहुतेक वेळा गोष्ट तिथवर जातही नाही, कारण सही केलेला बाप कोर्टात आधीच फितूर होतो.

त्या तीन एकरांचंही पाहू. जमीन वडिलोपार्जित असेल, तर हिंदू एकत्र कुटुंबात जन्मलेल्या त्या लेकराचा तिच्यात जन्मापासूनच हिस्सा आहे. तलाठ्याकडून सातबारा आणि जुने फेरफार काढा, कोणती जमीन कशी आली ते दिसेल. जे त्याचंच आहे ते त्याला देण्याच्या बदल्यात त्याच्या आईबद्दल गप्प राहायला सांगत आहेत. आणि आजोबांना नातवाला खरंच जमीन द्यायची असेल, तर दुय्यम निबंधकाकडे जाऊन बक्षीसपत्र करावं. त्याला मामाची सही लागत नाही.

‘हुंडा दिला म्हणून तुम्हीही आत जाल’ ही धमकी गावोगाव चालते आणि बापांना बरोबर गप्प करते. हुंडा देणं हाही गुन्हा आहे, हे खरं. पण १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याच्या कलम ७ मध्येच लिहिलं आहे की या गुन्ह्यानं ज्याचं नुकसान झालं त्यानं दिलेल्या जबाबावरून त्याच्यावरच या कायद्याखाली खटला भरता येत नाही. बाबांना हे वकिलाच्या तोंडून ऐकवा. त्यांची निम्मी भीती तिथंच जाईल.

त्याच कायद्याचं कलम ६ आईला सांगा. लग्नाच्या सात वर्षांच्या आत बाईचा अनैसर्गिक मृत्यू झाला तर तिला दिलेलं सगळं, दागिने, आंदण, पैसा, तिच्या मुलाचं होतं. सासरचं नाही. मुलाच्या हातात पडेपर्यंत ते त्याच्यासाठी सांभाळून ठेवावं लागतं. लग्नातल्या वस्तूंची यादी, सोनाराच्या पावत्या, भांड्यांचे फोटो शोधून ठेवा. लग्नाच्या व्हिडिओतही बरंच सापडतं.

आता व्हरांड्यातला तो कागद. तो दिला म्हणून तक्रारीचा हक्क जात नाही. पण तो नाहीच असं समजून तक्रार लिहू नका, कारण समोरचे तो पहिल्याच दिवशी काढतील. तुमच्या तक्रारीतच येऊ द्या की कागद कोणी आणला, कोणाच्या अक्षरात होता, बाबांना वाचून दाखवला का, त्या वेळी भोवती सासरची किती माणसं उभी होती, आणि बाबांनी तोवर लेकीचं तोंड तरी पाहिलं होतं का. आपणच आधी सांगितलेली गोष्ट समोरच्याच्या हाती शस्त्र म्हणून राहत नाही.

राजकारणी घर म्हटलं की लोक मुंबईहून येणाऱ्या फोनच्या गोष्टी सांगतात. वकिलीत मी जी अशी प्रकरणं पाहिली, त्यांत असा फोन क्वचितच होता. आपल्याकडे भीड पुरते. पंचनाम्याला पंच म्हणून सासऱ्याच्याच गावातली माणसं बसतात. रुग्णालयात न्यायला त्यांचीच गाडी असते. दर कार्यक्रमात ज्यांच्या शेजारची खुर्ची मिळते त्यांच्याशी कडू कसं व्हायचं, म्हणून साहेब जरा थांबतात. ‘मुलीकडचे दुःखात आहेत, त्यांना त्रास नको’ म्हणत अंत्यविधी लवकर उरकतात. यातल्या एकाही माणसानं एक रुपया घेतलेला नसतो. म्हणून ‘अमुक विकला गेला’ असं ओरडत बसू नका, ते सिद्ध होणार नाही आणि उलट तुमच्यावर येईल. भीड मोडते लेखी अर्जानं आणि पोच घेतलेल्या तारखेनं. आज पाहिजे तेवढं ‘पाहू’ म्हणणारा माणूस त्याच्या टेबलावर आवक शिक्का मारलेला कागद आला की जपून बोलायला लागतो.

व्हिसेराचा अहवाल येईपर्यंत गुन्हा दाखल करायचा नाही, असा नियम नाही. दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची, माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ललिता कुमारी प्रकरणात १२ नोव्हेंबर २०१३ ला सांगितलं. आधी चौदा दिवस प्राथमिक चौकशी करण्याची जी नवी तरतूद आली आहे, ती तीन वर्षांपासून सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी आहे. हुंडाबळी त्यात बसत नाही. आणि व्हिसेरा सांगणार काय? पोटात विष होतं की नाही. आपल्या भागात औषध पिऊन इतकी माणसं गेली आहेत की व्हिसेरा म्हणजेच शेवटचा शब्द असं सगळ्यांना वाटतं. विहिरीत सापडलेल्या बाईच्या बाबतीत विष निघालं नाही, तर त्यानं काहीच सुटत नाही.

तुमच्या प्रकरणात पाहायचं ते दुसरंच. शवविच्छेदनाच्या नमुन्यात रकाना १७ असतो, त्यात अंगावरच्या जखमा लिहितात. दंडावरच्या, मानेवरच्या, मनगटावरच्या खुणांची त्यात नोंद आहे का? जखमा मृत्यूच्या आधीच्या की नंतरच्या, याबद्दल काय म्हटलंय? फुप्फुसात पाणी, श्वासनलिकेत फेस किंवा गाळ याबद्दल काय लिहिलंय? डायटम तपासणीसाठी हाडातला मगज आणि त्याच विहिरीचं पाणी घेतलं होतं का? डायटम म्हणजे पाण्यातले सूक्ष्म जीव. माणूस जिवंतपणी बुडाला तर ते रक्तातून हाडांपर्यंत पोचतात. एकट्या त्या तपासणीवर निकाल लागत नाही, पण बाकीच्या पुराव्याला जोड मिळते. कपडे जप्त केले का? चप्पल विहिरीच्या काठावर होती की पाण्यात? विहिरीला कठडा आहे का, आणि असला तर चक्कर आलेलं माणूस त्यावरून आत कसं गेलं? अग्नी दिल्यामुळे दुसरं शवविच्छेदन आता शक्य नाही. तरी टिपणं, फोटो आणि राखून ठेवलेले नमुने वैद्यकीय महाविद्यालयाच्या न्यायवैद्यक विभागाकडे पाठवून तिथल्या तज्ज्ञांचं मत तपास अधिकारी मागवू शकतात. ही मागणी लेखी करा.

लग्नाला सात वर्षं न झालेल्या बाईचा संशयास्पद मृत्यू असेल तर मृत्यूची चौकशी दंडाधिकाऱ्यानंही करायची असते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे तपास आणि खटला कसा चालवायचा ते सांगणाऱ्या कायद्याच्या, १९४ आणि १९६ या कलमांत ते आहे. तुमच्याकडे मरणोत्तर पंचनाम्याला तहसीलदार किंवा नायब तहसीलदार आले होते का, याची आठवण काढा. आले असतील तर त्यांच्या कागदांची नक्कल मागा. नसतील आले तर ते तक्रारीत लिहा.

तक्रार ठाण्यात द्या. घेतली नाही तर स्पीड पोस्टानं पोलीस अधीक्षकांना. तिथंही हललं नाही तर शपथपत्र जोडून न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. त्याच संहितेच्या कलम १७३(४) चा क्रम हाच आहे, आणि मधली पायरी गाळली तर अर्ज तिथंच अडकतो. तक्रारीत कलमांचे आकडे लिहायची हौस नको. घडलेलं लिहा. कोणत्या महिन्यात पैसे मागितले, कोणी, कोणासमोर, काय शब्दांत.

एका जागी मात्र शब्द फार जपून वापरा. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात घरखर्चासाठी आणि खतासाठी मागितलेले पैसे हुंडा मानले नव्हते. समोरचा वकील तो निकाल नक्की आणेल आणि म्हणेल की हे निवडणुकीसाठीचे उसने पैसे होते. २०२२ मध्ये त्याच न्यायालयानं घर बांधायला मागितलेले पैसे हुंड्यातच धरले आणि त्या शब्दाचा अर्थ संकुचित करू नका म्हटलं. तुमच्याकडे याहून पक्की गोष्ट आहे: ते पैसे ‘लग्नातले राहिलेले’ म्हणून मागितले जात होते. हे वाक्य तिच्या आवाजात कुठं असेल तर ते सोन्यासारखं सांभाळा. मृत्यूच्या थोडं आधी छळ झाला पाहिजे, या अटीवरूनही वाद होईल. २०२१ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे की ‘थोडं आधी’ म्हणजे अगदी लगेच आधी नव्हे, छळाचा आणि मृत्यूचा जिवंत संबंध दिसला पाहिजे. दिवाळीतले वळ आणि त्यानंतरचे फोन हा तो संबंध. एवढं सिद्ध झालं की भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या कायद्याच्या) कलम ११८ प्रमाणे न्यायालय हुंडाबळी गृहीत धरतं आणि ते खोडून काढायची जबाबदारी समोरच्यांवर जाते.

आईचा फोन आजपासून कोणाच्या हाती देऊ नका. त्यात ती आहे, बोलते आहे. मेलेल्या माणसाचं आपल्या मृत्यूच्या कारणाबद्दलचं बोलणं पुरावा म्हणून घेता येतं, कायद्यात तशी तरतूद आहे. पण आवाज दुसऱ्या फोनवर फॉरवर्ड करून मूळ फोन विकला किंवा फॉरमॅट मारला, की पुरावा लंगडा होतो. मूळ फोन, मूळ चॅट, काही पुसायचं नाही. त्यात आईनं तिला चिडून काही बोललेलं असेल, ‘सांभाळून घे’ म्हटलेलं असेल, तेही राहू द्या. (असतंच ते. प्रत्येक आईच्या फोनमध्ये असतं.) कोर्टात देताना साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा खास आकडा) आणि तज्ज्ञाची सहीही येते. हे काम वकिलाकडून करून घ्या, स्वतः पेनड्राइव्ह भरत बसू नका. बहिणीचा फोन कुठं आहे? तोही विहिरीत गेला असं म्हणतील. तरी त्या रात्रीचे कोणाचे कोणाला कॉल झाले ते मोबाइल कंपनीकडून निघतं. मात्र ती माहिती कायम राहत नाही, आणि रस्त्यावरच्या, पेट्रोल पंपावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण तर काही आठवड्यांत पुसलं जातं. ते राखून ठेवण्याची मागणी पहिल्याच अर्जात करा.

थोरल्या सुनेबद्दल तुम्ही पत्राच्या शेवटी एका ओळीत विचारलंय. मला पूर्ण पत्रात सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच वाटली.

मे २०२५ मध्ये पुण्याजवळ मुळशी तालुक्यात एका पक्षाच्या स्थानिक पुढाऱ्याच्या घरातली सून गेली. लग्नात दिलेली महागडी गाडी आणि सोनं सगळ्या महाराष्ट्रानं टीव्हीवर पाहिलं. गुन्हा दाखल झाल्यावर सासरा आणि दीर काही दिवस फरार होते, ओरड झाल्यावर सापडले. बाळ आईच्या माहेरी आलं. या सगळ्या गदारोळात एक गोष्ट पुढं आली की त्याच घरातल्या थोरल्या सुनेनं आदल्या वर्षीच छळाची तक्रार केली होती. धाकटी गेल्यावर लोकांनी तो कागद उघडून वाचला.

तुमच्या बहिणीची जाऊ म्हणजे त्या घराच्या आत राहिलेली, आणि आता त्या घराच्या हाताबाहेर असलेली एकुलती एक बाई. ती काय पाहून निघाली ते तिलाच माहीत. तिच्याकडे तुम्ही जाऊ नका, मोटारसायकलवर दोन मित्र घेऊन तर मुळीच नाही. तिचं सोडचिठ्ठीचं किंवा पोटगीचं काही चालू असेल, तिच्या माहेरच्यांना तीच भीती असेल जी तुमच्या बाबांना आहे. आईला पाठवा. दुपारची वेळ, बरोबर एखादी आत्या नाहीतर मावशी. केस, साक्ष, कोर्ट हे शब्द पहिल्या भेटीत काढू नका. ‘आमच्या पोरीनं तुझ्याजवळ काही मन मोकळं केलं होतं का’ एवढंच विचारावं. सांगितलं तर ऐकावं, नाही सांगितलं तर चहा घेऊन निघावं आणि महिन्यानं पुन्हा जावं. ती तयार झाली तर तपास अधिकाऱ्यामार्फत तिचा जबाब न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवता येतो, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ प्रमाणे. असा जबाब नंतर फिरवणं अवघड जातं, म्हणून त्याला वजन आहे. तिच्यावर दबाव आला तर साक्षीदार संरक्षणासाठी जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज करता येतो, २०१८ ची योजना सर्वोच्च न्यायालयानंच लागू केली आहे. पण तिनं नाही म्हटलं तर नाही. तिच्यावर बळजबरी करायला आपण तिचे सासरे नाही.

भाच्याचा प्रश्न केसपासून वेगळा काढा. बैठकीनं मुद्दाम दोन्ही एकत्र बांधलं आहे. बाप नैसर्गिक पालक असतो, त्यामुळे लेकरू उद्या तुमच्या घरी येईल असं मी सांगणार नाही. पण १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली आजी-आजोबा जिल्हा न्यायालयात अर्ज करू शकतात आणि तिथं पहिला प्रश्न मुलाच्या हिताचा असतो. बापावरच आईच्या मृत्यूचा गुन्हा दाखल झाला तर त्या प्रश्नाचं उत्तर बदलतं. ताबा मिळेपर्यंत भेटीचा आदेश मागता येतो. मुलाचे हाल होत असतील तर जिल्ह्याची बाल कल्याण समिती आहे. अर्ज आईच्या नावानं करा. बाईला तिचं उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, तो तुमच्या नावावर सहज मिळणार नाही.

ओट्यावर बसणाऱ्या विरोधी गटाच्या लोकांना चहा पाजा. एकही मूळ कागद, एकही व्हॉइस मेसेज देऊ नका. मी त्यांना वाईट म्हणत नाही. मोर्चानं ठाणेदारावर दबाव येतो, झडझडून काम सुरू होतं, हे मी पाहिलं आहे. पण निवडणुकीनंतर हे दोन गट एका गाडीत दिसले तर आश्चर्य वाटायला नको, आणि त्या दिवशी तुमच्या बहिणीचा फोटो असलेला फलक कोणी काढूनही नेणार नाही, तो तसाच फाटेल. शिवाय सगळं ‘राजकीय सूड’ ठरवायला समोरच्यांना तेच निमित्त पुरतं. मोर्चा निघालाच तर मागणी एकच ठेवा: गुन्हा नोंदवा. भाषण आईनं किंवा तुम्ही करा, नाहीतर कोणीच नको. तिच्या आवाजाची क्लिप कुठल्याही चॅनलला नाही. ती एकदा व्हायरल झाली की गावोगावच्या ग्रुपवर लोक तिच्यावर काय काय लिहितील ते आईला वाचावं लागेल.

सोसायटीची भीती खरी आहे, ती उडवून लावणार नाही. पीककर्ज त्यांच्या हातून येतं. म्हणून या हंगामात सोसायटीचं थकीत ठेवू नका, अगदी कापूस दोनशे रुपये कमी भावानं विकावा लागला तरी. थकीत माणसावर वसुलीची कायदेशीर कारवाई करता येते आणि तिला सूड म्हणून सिद्ध करता येत नाही. भरणा केल्याची पावती घ्या, बेबाकी दाखला (काही देणं बाकी नसल्याचा कागद) मागा, आणि पुढच्या खरिपासाठी तालुक्यातल्या राष्ट्रीयीकृत बँकेत आतापासून फेऱ्या सुरू करा. समाजानं वाळीत टाकण्याची भाषा केली तर २०१६ चा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा आहे. धमकी कोणी कुठल्या बैठकीत दिली ते तारखेसह वहीत लिहून ठेवा.

धाकट्या बहिणीच्या साक्षगंधाचं कारण सगळे पुढं करतात. तिला कोणी विचारलं का? तिची बहीण गेली आहे, लग्न तिचं आहे. तिचं काय म्हणणं आहे ते बाबांना तिच्याच तोंडून ऐकू द्या. माझा अंदाज आहे, बाबांची सही तीच थांबवेल.

हे किती दिवस चालेल, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. कवयित्री मधुमिता शुक्लाचा लखनौत मे २००३ मध्ये खून झाला. आरोपींत उत्तर प्रदेशचे तेव्हाचे मंत्री अमरमणी त्रिपाठी होते. तपास सीबीआयकडे गेला, तिची बहीण मागे लागली, आणि लखनौत साक्षीदार टिकणार नाहीत म्हणून सर्वोच्च न्यायालयानं खटला डेहराडूनला हलवला. २००७ मध्ये जन्मठेप झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये सरकारच्या आदेशानं तो माणूस बाहेर आला, त्याही वेळी ती बहीण विरोधाचा अर्ज घेऊन सर्वोच्च न्यायालयात उभी होती. मी हे तुम्हाला धीर द्यायला सांगत नाही. वीस वर्षं म्हणजे काय ते माहीत असू द्या म्हणून सांगते. तुमच्या आयुष्यात शेती आहे, लग्न व्हायचं आहे, आई-बाप आहेत. घरातल्या एकानंच सगळं अंगावर घेऊ नका. तारखेला एकदा तुम्ही, एकदा चुलतभाऊ. फाइल एकाकडे, तिची झेरॉक्स दुसऱ्या गावातल्या मामाकडे.

गुन्हा दाखल होऊन अटक झाली की नव्वद दिवसांकडे लक्ष ठेवा. एवढ्यात दोषारोपपत्र आलं नाही तर आरोपीला आपोआप जामिनाचा हक्क मिळतो, आणि ‘चुकून उशीर झाला’ असं म्हणायला सगळे मोकळे असतात. साठाव्या दिवसापासून तपास अधिकाऱ्याला लेखी विचारा. तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांत तुम्हाला कळवणं त्यांच्यावर बंधनकारकही आहे. जामिनाच्या सुनावणीत तुमचा वकील उभा राहू शकतो. लखीमपूर खीरीत आंदोलक शेतकऱ्यांच्या अंगावर गाडी घातल्याच्या प्रकरणात आरोपी केंद्रीय राज्यमंत्र्याचा मुलगा होता. त्याचा जामीन सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२२ मध्ये रद्द केला, त्याचं एक कारण हेच होतं, की पीडितांच्या बाजूचं नीट ऐकलंच गेलं नव्हतं.

येत्या सोमवारी आईला घेऊन यवतमाळला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा, ते जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. बरोबर आईचं आधार कार्ड, लग्नपत्रिका, लग्नाचे फोटो, बहिणीचा मृत्यूचा दाखला असेल तर तो, आणि तिचे मेसेज असलेला फोन चार्ज करून न्या. बाबांनाही न्या, घरी एकटं ठेवू नका, बैठकवाले नेमके तेव्हाच येतील. वकील मिळाला की तक्रार त्याच दिवशी लिहून घ्या आणि दोन प्रती करा, एक देण्यासाठी आणि एक शिक्का घेण्यासाठी. ठाण्यात शिक्का द्यायला नाही म्हटलं तर वाद घालू नका, बाहेर पडा आणि शेजारच्या पोस्टातून तीच तक्रार अधीक्षकांना स्पीड पोस्टानं पाठवा. पावती जपून ठेवा, आणि तिचा फोटो मलाही पाठवा. उत्तर नाही आलं तर न्यायदंडाधिकाऱ्यांपुढच्या अर्जाचा मसुदा आपण मिळून पाहू.